कापशी दगड

मामांची नोकरी माझ्यामुळे गेली. कॉलेजात अजूनही कुणी प्राचार्यांना दोष देतं, कुणी आमच्या सरांना. त्या दोघांचा वाटा मी पुढं सांगणार आहे आणि तो एका शब्दानंही कमी करणार नाही. पण सुरुवात माझ्या पत्रकानं झाली आणि शेवट माझ्या हातानं झाला, म्हणून आधी माझं.

मामा म्हणजे नगरच्या आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सेवक. सगळ्या कॉलेजांत सेवकाला मामाच म्हणतात. एकदा मामा म्हटलं की त्या माणसाचं नाव विचारायची गरज उरत नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मामा सोनईकडचे. घराणं आजा-पणजाच्या काळात ख्रिस्ती झालेलं; मामा मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. बाटल्यांवरची इंग्रजी नावं ते अडखळत वाचत, पण बाटलीत काय आहे ते बूच काढल्याबरोबर सांगत. अकरा वर्षं ते हंगामी होते. दर जूनला नेमणुकीचा कागद हातात पडायचा आणि दर एप्रिलला संपायचा. त्या वर्षी मात्र संस्थेनं त्यांना कायम करायचं मनावर घेतलं होतं. अर्ज वर गेला होता, बैठक तेवढी व्हायची होती. कायम झालो की थोरलीला नर्सिंगला घालायची, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिच्या पांढऱ्या पोशाखाचं कापड ते कुठल्या दुकानातून घेणार आहेत, तेही मला माहीत झालं होतं.

आता माझं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील एका लहानशा छापखान्यात जुळारी. संपाची, मोर्च्याची, धरणाच्या पाण्याच्या मागणीची पत्रकं ते खिळा खिळा जुळवून लावत, आणि शाई फुटलेल्या, वाया गेलेल्या प्रती घरी येत. मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. वडील पत्रकाबद्दल दोनच गोष्टी सांगायचे. मोघम लिहायचं नाही. गाव, वार, माणूस, वस्तू, सगळं नेमकं हवं. आणि छापलेला शब्द मागे घ्यायचा नाही. मी दोन्ही पाळल्या.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहरात नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची, आणि जिल्हाभर रस्त्यांच्या कडेला माणसं खडी फोडत बसलेली असायची. गावोगाव विहिरी खोल करणं चाललं होतं. सुरुंग उडाला की काळ्या पाषाणाच्या पोटातल्या पोकळ्या फुटायच्या आणि त्यांत स्फटिक दिसायचे. मामांच्या गावच्या विहिरीत तर ते पाट्या भरभरून निघाले. एक व्यापारी जीप घेऊन यायचा, गुलाबी रंगाचे, मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे दिसणारे स्फटिक तेवढे वेचायचा, कापसात गुंडाळायचा आणि घेऊन जायचा. परदेशातले लोक ते काचेच्या कपाटात मांडून ठेवतात म्हणे. पाणी मात्र त्या विहिरीला लागलं नाही.

मामांनी एका सोमवारी तसल्या दगडांची पिशवी भरून आणली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्या दिवशी त्यांची कळी खुलली. त्यांनी एक गुलाबी तुकडा चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. तुकडा फुगला, फेसाळला, पापडासारखा वेडावाकडा झाला.

"हा झिओलाइट," सर म्हणाले. "म्हणजे उकळणारा दगड. याच्या अंगभर भोकं आहेत, पण इतकी बारीक की कुठल्याही भिंगातून दिसणार नाहीत. त्या भोकांत पाणी बसलेलं असतं, ते आत्ता बाहेर पडलं. भोकं रिकामी झाली की त्यांत दुसरं काही शिरू शकतं. पण मापाचं असेल तेवढंच शिरतं आणि मापाचं असेल तेवढंच बाहेर येतं."

रेशनच्या दुकानाचं दार असतं तसं, असं मी वहीत लिहून ठेवलं. एका वेळी एकच माणूस आत जातो आणि त्याच्या पिशवीत मावेल तेवढंच घेऊन बाहेर येतो.

मग सर पुढचं बोलले आणि माझं डोकं तापलं. अल्कोहोलची वाफ अशा दगडातून नेली तर आतल्या आत तिच्यातलं पाणी सुटतं आणि एक हलका वायू तयार होतो. त्याच वायूपासून प्लास्टिक होतं, कृत्रिम धागा होतो. आज तो मिळवायला खनिज तेल लागतं, आणि ते समुद्रापलीकडून येतं. "आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने," सर म्हणाले. "मळीपासून अल्कोहोल इथलंच, दगडही इथलाच."

मी टाळी वाजवली होती, एकट्यानंच. सरांनी आठवडाभर गुलाबी स्फटिकांची भुकटी करून पाहिली. काही जमलं नाही. "आपल्याकडे सोयी नाहीत," असं म्हणून ते परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायला बसले. मी मागे लागलो तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "रविवारी करा काय करायचं ते. मला विचारू नका." आणि मामांच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. ते वाक्य आणि ती नजर, दोन्ही मला नीट आठवतात.

साधं अल्कोहोल दारूबंदीच्या कायद्यामुळे दुहेरी कुलपात असायचं. मेथिल अल्कोहोल मात्र साध्या कपाटात होतं. ते विष. घोटभर प्यालं तरी माणूस आंधळा होतो, थोडं जास्त प्यालं तर मरतो. म्हणून ते कुणी चोरणार नाही, असा कॉलेजचा विचार. त्या कपाटाची किल्ली मामांकडे होती, म्हणून आम्ही मेथिल अल्कोहोल घेतलं. बाटली काढायची तर सरांच्या सहीची चिठ्ठी लागायची. सरांनी तर विचारूच नका म्हटलं होतं. मामांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं बारीक रेघा मारायला सुरुवात केली. दर रविवारी किती वापरलं त्याची एक रेघ.

"तुमची चिठ्ठी आली की ह्या पुसतो," म्हणाले.

पहिले पाच रविवार नुसते वाया गेले. मामा सकाळची उपासना आटोपून, इस्त्रीचा सदरा तसाच अंगात, कुलूप उघडायचे. मी गुलाबी स्फटिक कुटायचो, वस्त्रगाळ करायचो, काचेच्या नळीत भरायचो. नळीखाली बर्नर, एका टोकाला मेथिल अल्कोहोलचा फ्लास्क, दुसऱ्या टोकाला पाण्यात उपडी बरणी. बरणीत वायू जमला की त्यात ब्रोमीनचं पाणी टाकून हलवायचं. ते तांबूस पिवळं असतं. हवा तो वायू असेल तर रंग जातो. आमचा रंग काही जात नव्हता.

सहाव्या रविवारी मामा माझ्यामागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पुढारी, ह्योच दगड का घेतलाय?"

ते मला पुढारीच म्हणायचे. मी म्हटलं, "सरांनी हाच घेतला होता."

"देखना हाय म्हनून? लगीन लावायचंय का त्याच्यासंगं?" त्यांनी पिशवीच्या तळातून एक गचाळ पांढरा गोळा काढला. धुळीत पडलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा. जवळून पाहिलं तर त्यात रेशमासारखे बारीक तंतू होते. "व्यापारी ह्यो फेकून देतो. आमी ह्याला कापशी म्हन्तो. आमच्याकडं चुलीत गुलाबी पडला तर तडतडून उडतो. ह्यो पडला तर सकाळी राखंत जसाच्या तसा. तुमची आग ह्यो सोशील. त्यो न्हाई सोसनार."

ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की दगडाच्या भोकांत सोडियम, कॅल्शियम ठाण मांडून बसलेले असतात. त्यांना हुसकून अमोनियाचा क्षार आत घालायचा, मग भाजून अमोनिया उडवायचा, म्हणजे दगड आतून आंबट होतो आणि कामाला लागतो. पण तो क्षार प्रयोगशाळेत तळाला चिमूटभर उरला होता.

"कंचा क्षार?" मामांनी विचारलं. मी बरणी दाखवली. त्यांनी हुंगली, जिभेला लावली आणि हसायला लागले. "आरं, ह्यो तर नवसागर! कल्हईवाल्याकडं लई हाय. सांगायचं न्हाई का आदी?"

पुढच्या रविवारी ते पुडकं घेऊन आले. कापशी दगडाची भुकटी आम्ही नवसागराच्या पाण्यात उकळली, गाळली, परत उकळली. असं चार वेळा. त्या दिवसांत धुवायला पाणी नव्हतं. मामांनी मिशनच्या आवारातल्या आडावरून दोन घागरी आणल्या. मग भट्टी. मी घाईनं आच पूर्ण सोडली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांचे वडील चुन्याच्या भट्टीवर होते. "हळू. चुन्याला घाई केली की वरनं जळतो नि आतनं कच्चा ऱ्हातो. आधी नुसतं शेका. पानी जाऊ द्या. मग वाढवा." अमोनियाचा उग्र वास सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आम्ही दोघं खिडकीत तोंडं घालून उभे राहिलो.

त्या दुपारी ब्रोमीनचा रंग गेला.

मी बरणी हलवली, थांबलो, परत हलवली. आतलं पाणी साध्या पाण्यासारखं झालं होतं. मामांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग बरणी खाली ठेवून त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या, उपासनेला जाताना करतात तशा. "पुन्यांदा करा," म्हणाले. "एकदा झालं ते झालं न्हाई."

पुन्हा केलं, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी नाही गेला. नळीतली भुकटी काळी पडली होती. मी हिरमुसलो. मामांनी ती काळी भुकटी उघड्या हवेत, मंद आचेवर तासभर भाजली. काजळी जळाली, भुकटी पांढरी झाली आणि परत कामाला लागली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्या मासिकात मी बाकीचं वाचलं होतं त्यातही त्या पानावर ते नव्हतं. त्यांनी काजळी धरलेला कंदील पाहिला होता, एवढंच.

मला तेव्हाच सरांकडे जायला हवं होतं. चिठ्ठी मागायला हवी होती, खडूच्या रेघा पुसून घ्यायला हव्या होत्या. मी पत्रक लिहायला बसलो.

लिहिण्याआधी मामांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. ते लाजले, वडिलांच्या नावासकट सांगितलं. कशाला हवंय ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

पत्रक चांगलं होतं. आजही मला ते चांगलंच वाटतं, आणि त्याचा मला राग येतो. "व्यापारी ज्या दगडाला कचरा म्हणून फेकतो आणि कॉलेज ज्या माणसाला अकरा वर्षं हंगामी म्हणतं, त्या दोघांनी मिळून हे केलं आहे," असं मी लिहिलं होतं. खाली सगळं नेमकं. कुठला दगड, कुठल्या विहिरीतला. मेथिल अल्कोहोलच्या दोन बाटल्या. बाजारातून आणलेला नवसागर. दर रविवारी बंद इमारतीत केलेलं काम. मामांचं पूर्ण नाव. शेवटी मागणी: या माणसाला सन्मानानं कायम करा.

वडिलांनीच ते जुळवलं. शेवटची ओळ लावताना त्यांनी विचारलं, "त्या माणसाला दाखवलंस का हे?"

"खरं सांगायला परवानगी कशाला लागते?"

वडिलांनी खिळ्यांची चौकट आवळली आणि यंत्रावर चढवली.

आमच्या जिल्ह्यात नवसागर दोन जण नेतात. एक कल्हईवाला आणि दुसरा हातभट्टीवाला. हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण लिहिताना माझ्या डोक्यात फक्त रसायनशास्त्र होतं. लोकांनी पत्रकातलं रसायनशास्त्र सोडून दिलं आणि उरलेलं वाचलं. नवसागर, स्पिरिटच्या दोन बाटल्या, नळी, आच, रविवार, बंद दार. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत पोरं मामांभोवती जमली. "काय मामा, पहिल्या धारेची आम्हाला नाही का?" एकानं तर परीक्षानळी पुढे केली. मामांना आधी कळेचना. मग कुणीतरी पत्रक हातात दिलं. ते अडखळत, ओठ हलवत वाचत होते. स्वतःच्या नावापाशी थांबले. मी समोर उभा होतो. ते खूश होतील असं मला वाटत होतं.

त्याच दुपारी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं आणि संध्याकाळी मामा वडिलांच्या छापखान्याच्या दारात आले. आत यायला तयार नव्हते. वडिलांनी स्टूल पुढे केलं तरी उभेच राहिले.

"पुढारी, एक कागद लिहून द्या. समदं मनानं लिवलं हुतं म्हना. असा काई प्रयोग झाला न्हाई म्हना. सायेब म्हनले, पोरानं येवडं लिवून दिलं तर मिटवतो."

"पण प्रयोग झाला आहे मामा."

"झाला की. आपल्याला म्हाईत हाय."

"मग खोटं का लिहायचं?"

"अवो, त्या दोन बाटल्या कुनाच्या भट्टीला घातल्या म्हनून इचारत्यात. इषाची बाटली हाय ती. मानूस मेला कुटं तर माझ्या नावावर. आन चिठ्ठी न्हाई एकबी."

"म्हणूनच सिद्ध करू. प्राचार्यांच्या समोर करून दाखवू. एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की हातभट्टीचं बोलणं संपलं. उलट तुम्हाला मान मिळेल."

"मला मान नगं," मामा म्हणाले. "मला कागद पायजे. बैठक आठ दिवसांवर आलीय."

मी त्यांना छापलेल्या शब्दाबद्दल काहीतरी सांगितलं. काय ते मी इथं लिहीत नाही, लाज वाटते. ते ऐकून घेत होते. वडील पाठ करून खिळे परत खणांत टाकत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझी बाजू घेतली नाही. जाताना मामा म्हणाले, "बरं, दाखवा." मला वाटलं, पटलं.

प्रयोग दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. प्राचार्य खुर्ची मागवून बसले. सर त्यांच्या शेजारी उभे होते. मी मामांना पुढे केलं. हे काम त्यांचं आहे, त्यांनीच दाखवावं, असा माझा आग्रह. मामांनी नळी भरली. ते हात मी इतके रविवार पाहिले होते. काचलोकरीचा, म्हणजे काचेच्या तंतूंचा, बोळा किती दाबायचा, नळी किती कलती ठेवायची, त्यांना बघावंही लागत नसे. त्या दिवशी त्यांनी भुकटी ठासून भरली. बर्नर पेटवला आणि पहिल्याच झटक्यात आच पूर्ण सोडली.

मी म्हटलं, "मामा, हळू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भुकटी नळीत उडाली, वाफ तुंबली, बुडबुडे आले ते नुसत्या वाफेचे. ब्रोमीनचं पाणी तांबूसच राहिलं.

"हे तुझं संशोधन का?" प्राचार्यांनी मामांना विचारलं. मामा त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते.

"मला काय कळतंय सायेब? मी बाटल्या धुतो. ह्या पोरानं काय लिवलं त्येला ठावं."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. हे मी शपथेवर सांगतो. ते खुर्चीतून उठायलाही लागले होते. दोन क्षण मी गप्प राहिलो असतो तर ते निघून गेले असते, पत्रक पोराचा खुळेपणा ठरलं असतं, आणि मामांचा कागद बैठकीपुढे गेला असता. मला फक्त मूर्ख ठरावं लागलं असतं.

मला तेव्हा एवढंच दिसत होतं की एक कामगार स्वतःच्या हातांची किंमत स्वतःच्या तोंडानं नाकारतो आहे. असं नाकारायला लावणाऱ्यांविरुद्ध तर मी लहानपणापासून वाचत आलो होतो. मी म्हणालो, "ते मुद्दाम बिघडवताहेत. थांबा." खिशातून दुसरी कुपी काढली. तीत आमची चांगली, हळू भाजलेली भुकटी होती. मामांना मी हातानं बाजूला सारलं. खरंच हातानं. नळी धुतली, सैल भरली, आच बारीक ठेवली, मामांनी शिकवलं तसं सगळं केलं. अर्धा तास गेला. मामा भिंतीला टेकून कपाटाकडे बघत होते.

बरणी हलवली आणि रंग गेला. मी ती प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर धरली. मला आनंद आवरत नव्हता.

"बरं," प्राचार्य म्हणाले. "म्हणजे बाटल्या खरोखरच वापरल्या. कपाट उघडा."

मामांनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा होत्या. चिठ्ठ्या नव्हत्या. प्राचार्यांनी रेघा मोजल्या नाहीत, नुसत्या पाहिल्या. "विष, आणि उघडी आच. सुटीच्या दिवशी. एका हंगामी माणसाच्या जबाबदारीवर." मग त्यांनी सरांकडे पाहिलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

मी मध्येच म्हणालो, "सरांनीच सांगितलं होतं, रविवारी करा म्हणून."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "अभ्यास करा असं म्हटलं असेन," ते म्हणाले. मग टेबलावरची माझी कुपी उचलून खिशात टाकली. "हे विभागाचं आहे."

हातभट्टीचा आरोप मिटला. तेवढं मी सिद्ध केलं. बैठकीपुढे मामांचा अर्ज गेलाच नाही, आणि जूनमध्ये नेमणुकीचा कागद आला नाही. मला समज देऊन सोडण्यात आलं. मी परीक्षेला बसलो आणि मला पहिला वर्ग मिळाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी झिओलाइटवरच प्रश्न विचारला. सर शेजारी बसून मान हलवत होते. विभागाच्या दाराशी आता एक काचेचं कपाट आहे आणि त्यात मामांनी आणलेले गुलाबी स्फटिक मांडले आहेत, खाली लॅटिन धाटणीची नावं. कापशी दगड त्यात नाही. तो दिसायला चांगला नाही.

मी सगळीकडे अर्ज लिहिले. संस्थेला, विद्यापीठाला, वर्तमानपत्रांना. दुसरं पत्रकही लिहिलं. वडिलांनी ते जुळवायला नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदा. "या खेपेला आधी त्याला विचारून ये," म्हणाले.

म्हणून मी सोनईच्या एसटीत बसलो. गावात कळलं की मामा रस्त्याच्या कामावर आहेत. दोन मैल चालत गेलो. पाऊस लांबला होता. ऊन असं होतं की खडीचे ढीग लांबून पाण्यासारखे हलताना दिसायचे. माणसं कडेनं ओळीत बसून दगड फोडत होती. मामा टोकाला होते, डोक्याला टॉवेल, बोटांना चिंध्या. त्यांच्यामागे त्यांची थोरली घमेल्यात खडी भरत होती. तिला मी एकदा मिशनच्या आवारात पाहिलं होतं. तिनं मला ओळखलं आणि घमेलं उचलून दुसरीकडे गेली.

"या पुढारी," मामा म्हणाले. हातोडा थांबला नाही.

मी खाली बसलो. त्यांनी एक दगड फोडला तर आत पांढरी पोकळी निघाली, कापसाच्या बोळ्यासारखी. त्यांनी ती हातोड्याच्या टोकानं खरवडून काढली आणि मागे टाकली. मागे तसला बराच ढीग होता.

"मुकादम घेत न्हाई," ते म्हणाले. "पांढरं दिसलं की कच्चा दगड म्हन्तो, माप धरत न्हाई."

"मामा, मी दुसरं पत्रक लिहिलंय. तुमच्यावर झालेला अन्याय सगळा..."

"माझं नाव हाय त्यात?"

"आहे."

हातोडा थांबला. "त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं न्हाई. नाव कशाला इचारलंत म्हनून. मला वाटलं, पोरगं बरं हाय, नाव इचारतंय." मग त्यांनी पुढचा दगड ओढला. "फाडून टाका त्ये."

"आणि तुम्ही?"

"मी काय? खडी हाय." त्यांनी रस्त्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. मुकादम हजेरीची वही बगलेत धरून आमच्याकडेच बघत होता. "तुमी हितं बसला तर त्यो म्हनल, ह्या म्हाताऱ्यानं युनियनवाला आनला. मागं एकाला असंच काढलंय. पोरीची हजेरी बी जाईल. जावा आता."

मला खूप बोलायचं होतं. माफी मागायची होती आणि ती मागताना काय काय म्हणायचं ते एसटीत जुळवून ठेवलं होतं.

"जावा म्हन्तो ना," मामा हळूच म्हणाले. मुकादम चालत यायला लागला होता.

मी उठलो आणि तोंड फिरवून चालायला लागलो, रस्ता विचारायला थांबलेला कुणी वाटसरू असावा तसा. मुकादम शेजारून गेला. मागे हातोड्याचा आवाज परत सुरू झाला होता. फाट्यावर पोचल्यावर मी पिशवीतून पत्रकाचा मजकूर काढला, मामांचं नाव होतं तिथून फाडला, आणि तरीही एसटी येईपर्यंत ते दोन्ही तुकडे माझ्या हातातच होते.